राणीचे पान

एका राज्यात अशी रीत होती, की राणीने मुलांसाठी स्वतः रांधावे आणि स्वतः वाढावे. राजा मोहिमेवर गेला, तरी राणी उमावतीने ती रीत मोडली नाही. राजकन्या शाल्मली आणि तिचा धाकटा भाऊ इंदुसेन, दोघेही नुकती वयात येऊ लागलेली. येत, जेवत, ताटे तशीच टाकून उठत. वाढणाऱ्या हातांकडे मान वर करून कोणी पाहत नसे.

एकदा घोरदत्त नावाचा मांत्रिक त्यांच्या पंगतीला बसला. उठताना त्याने ओंजळभर पाणी जमिनीवर शिंपडले आणि मुलांना म्हणाला, "तुम्हांला जे दिसत नाही, ते यापुढे कोणालाच दिसणार नाही."

दुसऱ्या सकाळी राणीचे हात नाहीसे झाले. डाव हवेत फिरू लागला, भात आपसूक ताटात पडू लागला.

"मौज आहे, ताई!" इंदुसेन म्हणाला. शाल्मलीही हसली.

संध्याकाळी राणीचे खांदे गेले, तेव्हा शाल्मलीचे हसू थांबले.

पिंजऱ्यातली साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, उद्या दिवस मावळला की आईसाहेब गेल्या. यक्षाच्या विहिरीचे पाणी आण, रुसक्या जात्यावर दळ, नागाच्या चुलीवर भाकरी भाज. पुढचे तुझे तुला सुचले पाहिजे."

"दासींना सांगू," इंदुसेन म्हणाला.

"सांगा. आणि आईसाहेबही त्यांनाच म्हणा," साळुंकी म्हणाली.

पहाटे शाल्मली विहिरीवर गेली. खालून यक्षाने दोर ओढला. "सोड, पोरी. तुला सवय नाही." तिच्या तळव्यांची साले निघाली, पण तिने दोर सोडला नाही.

जात्याला कुरकूर खपत नसे. "अजून किती?" इंदुसेन पुटपुटला, आणि ते दोघांच्याने हलेना. मग दोघे मुकाट दळू लागली.

चुलीतला नाग अर्ध्यावर उठणाऱ्याला डसे. डोळ्यांत धूर घेऊन शाल्मली शेवटची भाकरी फुगेपर्यंत बसून राहिली.

सूर्य डोंगराला टेकला. राणीचा फक्त चेहरा उरला होता, तोही पाण्यातल्या सावलीसारखा. पोरे भुकेने कासावीस झाली होती. सवयीने पाटांवर बसली, ताटे पुढे ओढली. टोपली आपसूक उचलली गेली. शाल्मलीच्या ताटात भाकरी पडली. तिने घास मोडला.

राणीचा चेहरा विझला.

"करंट्यांनो!" साळुंकी किंचाळली.

टोपली अजून हवेत होती. थरथरत होती. शाल्मलीने मान वर करून तिच्याकडे पाहिले, आणि आपले सोललेले तळवे टोपलीखाली धरले.

"द्या इकडे, आईसाहेब. इंदू, ऊठ. पाट मांड."

तिने तिसरे पान घेतले, भाकरी वाढली. रिकाम्या पाटाकडे पाहत तिने विचारले, "तुम्ही जेवलात का?"

उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत वर गेली.

"नाही गं," आवाज आला. "अजून नाही."

ताटाच्या कडेला पाच बोटे उमटली. मग मनगट. मनगटावर भाजल्याचा लांब डाग होता.

"हे कधी भाजले?"

"झाली त्याला वर्षे. तू रांगत होतीस."

शाल्मलीने तो हात धरून ठेवला.

"सोड आता," राणी म्हणाली. "जेवू दे."

त्या रात्री ताटे इंदुसेनाने न सांगता घासली. नीट निघाली नव्हती. राणीने ती तशीच मांडून ठेवली. राजा मोहिमेवरून परतला आणि घासाला हात घालू लागला, तेव्हा दोन्ही मुलांनी त्याला थांबवले. वाढणारे माणूस अजून पाटावर बसले नव्हते.