हवेत थांबलेला फटका

एक होता राजा. मोठा न्यायी होता, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. त्याच्याकडे होती एक मंतरलेली झारी. कुणी कुणाचं डोकं फोडलं, हात मोडला, की शिपाई धावत जायचे आणि झारीतलं पाणी मारणाऱ्यावर शिंपडायचे. की झाला माणसाचा दगड! शिक्षा संपली की पुन्हा पाणी, पुन्हा माणूस. तुरुंग नको, भाकऱ्या थापायला नकोत. प्रधान म्हणायचा, "महाराज, दगड पळत नाही आणि तक्रारही करत नाही. सगळी प्रजाच अशी असती तर!"

चावडीपुढे अशा दगडांची रांग होती. सणासुदीला लोक मुलं घेऊन बघायला यायचे. तुमच्याएवढीच मुलं, बरं का. खडे मारायची.

एकदा काय झालं, तुळबा गाडीवानाची गाडी गोंदा कुंभाराच्या मडक्यांवर गेली. गोंदा म्हणाला, "बैल आंधळे आहेत की तू?" एवढंच. तुळबाच्या डोक्यात सणक गेली. त्याने काठी घेतली आणि गोंदाच्या उजव्या हातावर घातली. हाड मोडलं. दुसरा फटका मारायला काठी वर गेली, तोच पाणी पडलं आणि काठी उगारलेला तुळबा तसाच दगड झाला. राजा म्हणाला, "सात वर्षं." लोक म्हणाले, "वा!" आणि जेवायला गेले.

गोंदाचा हात वाकडा जुळला. चाकावर मडकं धरवेना. मग तो दुसऱ्या कुंभारांची माती वाहू लागला. त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही. दगडाकडे मात्र जत्रा.

सात वर्षं झाली. राजा आला. प्रधान भाषण करायला पुढे झाला. पाणी शिंपडलं मात्र, आणि राहिलेला फटका थेट प्रधानाच्या पगडीवर! हसू नका. दगडाला वर्षं कुठली कळायला? तुळबाचा राग अजून ताजाच होता. त्याने काठी पुन्हा उगारली. राजा ओरडला, "शिक्षा कमी पडली! करा दगड!"

मग आणखी सात वर्षं. मग पुन्हा पाणी. या वेळी एका शिपायाचा खांदा निखळला. तुळबा काठी उगारतोय तोच पुन्हा दगड.

"आणखी वाढवा, महाराज!" प्रधान लांबूनच ओरडला.

तेव्हा गर्दीतून गोंदा पुढे आला. "महाराज, मार खाल्ला मी. मला कोणी विचारलंच नाही."

राजा गडबडला. "बोल. त्याचे हात तोडून देऊ?"

"तोडलेल्या हातांचं काय करू? मला धडधाकट हात हवेत, चाकावर बसवायला. बेडी मात्र घाला त्याला, शिपाईही द्या. मला अजून भीती वाटते त्याची."

मग तिसऱ्यांदा पाणी पडलं. गोंदा शहाणा, काठी पोचणार नाही असा उभा राहिला. फटका मातीत गेला. शिपायाने झारी उचलली.

"थांबा," गोंदा म्हणाला. "त्याला बघू तर द्या."

तुळबाने पाहिलं. पांढरं डोकं. वाळक्या फांदीसारखा हात.

"गोंदा? अरे, मी तर आत्ताच..."

"आत्ता नाही रे. चौदा वर्षं झाली."

तुळबाच्या हातून काठी गळली. तो तोंड झाकून खाली बसला. राजाला तोंड झाकायचीही सोय नव्हती, सगळे बघत होते. मग सगळेही खाली बघू लागले.

तुळबा कुंभारवाड्यात राहिला. पायात बेडी, दारात शिपाई. पहिली मडकी अशी झाली की गोंदा म्हणाला, "गाडी बरी हाकायचास." मग हळूहळू जमलं. गोंदा सांगे, तुळबा घडवी. गोंदाची चूल दोन्ही वेळा पेटू लागली. बेडी कधी काढायची ते गोंदाने ठरवलं, आणि त्याला मुळीच घाई नव्हती. ती निघाली, तरी तुळबाने मान वर करून गोंदाकडे कधी पाहिलं नाही.

बाकीचे दगडही राजाने एकेक करून सोडवायला घेतले. पण आधी मार खाल्लेल्याच्या दारात जायचा आणि बोलावेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. काहींनी बोलावलंच नाही. मग तो उभाच.

तर अशी ती सगळी सुखाने राहिली, जरा खाली मान घालून. लाजेने कोणी मरत नाही, बरं का. झोपा आता.