चवळीची फुलं

सोसायटी म्हटली की नियम आले, आणि चेअरमन उपासनीसाहेबांच्या सोसायटीत तर जरा जास्तच. त्यांचा फतवा असा होता की खिडकीखालच्या वाफ्यात फक्त फुलझाडं लावायची, कोमेजलेलं रोज खुडायचं, आणि भाजीपाला दिसला की माळी तो उपटून टाकणार.

तरी तळमजल्यावरच्या हेमलताबाईंनी चवळी लावलीच. एकदा मनावर घेतलं की बाई मागे हटणारी नव्हे. वेल सुतळीवरून खिडकीच्या गजांपर्यंत चढला, तशी दारावर नोटीस आली. "वेल उपटायचा तर सकाळीच या," असा बाईंनी उलट निरोप धाडला. चवळीची फुलं ऊन चढलं की मिटतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

साहेब माळ्याला घेऊनच आले. वेल जांभळ्या फुलांनी नुसता भरला होता.

"ही भाजी आहे, वहिनी. मला शिकवू नका."

"एक शेंग दाखवा, साहेब, आणि खुशाल उपटा."

साहेबांनी पान न् पान उलटून पाहिलं. शेंग काही सापडेना.

"याला शेंगा येत नाहीत?"

"येतात की. फूल कोमेजलं की त्याच्या जागी लोंबतात. कोमेजलेलं रोज खुडायचं हा तुमचाच नियम, म्हणून त्या शेंगाही कोवळ्या असतानाच खुडते. खुडलं की फुलंही जास्त येतात."

घरातून लसणाच्या फोडणीचा वास आला. साहेबांनी नाक वर केलं.

"आणि खुडलेल्याचं काय करता?"

"ओल्या कचऱ्याची विल्हेवाट घरातच लावायची, हेही तुम्हीच ठरवलंत. आम्ही चौघं भाकरीबरोबर लावतो."