आव्यातली वेडी जागा

एका गावात कुंभारांची आळी होती. मडकी भाजायला साऱ्या आळीचा मिळून एकच आवा. त्या आव्यात एक जागा कायम राखलेली, तिला म्हणत वेडी जागा. आजवर कुणी केलं नाही असं काहीतरी तिथे भाजायचं. फुटलं तरी कुणी हसायचं नाही, हा आळीचा कायदा.

यंदा ती जागा एका सुनेनं मागितली. तिच्या सासूचे हात थरथरायचे, माठात तांब्या बुडवला की अर्धं पाणी लुगड्यावर. म्हणून सुनेनं माठाला खाली तोटी काढली होती, लाकडी बूच लावायची.

आवा रचत असताना पाटील आला. "माझ्या लेकीचं लग्न आहे. लग्नाच्या मडक्यांना सगळी जागा मला हवी. ते वेडंविद्रं काढा बाहेर, नाहीतर माझ्या तळ्यातली माती बंद!"

सून माठ बाहेर काढायला वाकली. "माझ्यापायी सगळ्यांच्या पोटावर पाय नको."

"हात लावू नकोस त्याला!" आळीतला सर्वांत म्हातारा कुंभार गरजला. "पाटील, तो माठ निघाला तर आवा पेटणार नाही. आणि माती? ठेवा तुमची. भाकऱ्या थापा तिच्या!"

बघता बघता सगळी आळी आव्याभोवती ठाण मांडून बसली.

"बघतोच किती दिवस बसता!" पाटील म्हणाला.

बघितलं की त्यानं! लग्न तोंडावर आलं आणि बोहल्याला एक मडकं नाही. पाटलीणबाईंनी असा काही दम भरला की पाटील आपल्या पायानं आळीत आला. "पेटवा बाबांनो, माठासकट पेटवा. मातीही न्या."

आवा उघडला. पाटलाची मडकी खणखणीत निघाली. आणि सुनेचा माठ? तोटीपाशी उभा तडकलेला! पाटील खो खो हसला. "ह्याच्यासाठी एवढा तमाशा?"

सुनेचे डोळे भरून आले.

"पाटील, हसायचं तर आळीबाहेर जाऊन हसा," म्हातारा म्हणाला.

मग तो फुटका माठ हातोहात फिरला. "तोटी घाईनं जोडलीस गं," एक जण म्हणाला. "मातीत राख थोडी वाढव," शेजारीण म्हणाली. तिसऱ्यानं तर तोटी वळायची आपली ढबच तिला शिकवली.

पुढच्या आव्यातून तिचा नवा माठ अखंड निघाला. सासूनं बूच काढून स्वतः पेला भरला आणि आधी सुनेला पाजला.

तात्पर्य: जिथे फुटायची मुभा असते तिथेच नवं घडतं, आणि ती मुभा कुणी देत नसतं, सगळ्यांनी मिळून राखावी लागते.