ताडपत्रीवरचं पाणी

"पण माई, चरात पाणीच दिसलं नाही, तर पाहुण्या बाईंना दाखवायचं काय?"

टेकडीवरच्या मठात राहणाऱ्या माई ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हाय ते दाखव."

मुंजाजीला हे उत्तर मुळीच पटलं नाही. आहे ते म्हणजे काय, तर पावसाचं पाणी अडवायला उतारभर खोदलेले कोरडे चर. परवा पाऊस पडला तेव्हा तुडुंब भरले होते. काल सकाळी पाहावं तर टिपूस नाही.

माईंचा हा शिष्य तसा कामाचा गडी, पण स्वतःच्या हुशारीवर भारी खूश. शहरातल्या एका संस्थेची मदत गावाला मिळवली ती त्यानंच. मदत केवढी, तर कुदळी-फावडी यावीत आणि खोदणाऱ्यांना दुपारचं जेवण मिळावं, एवढीच. घाम सगळा गावाचा.

त्यातून टेकडीचा गावाकडचा उतार खोदून झाला होता. आज संस्थेच्या कालिंदीबाई काम बघायला येणार होत्या. त्यांच्या मनात भरलं, तर पलीकडच्या तांड्याच्या उतारालाही मदत मिळणार होती. तांड्यावरच्या बायका रोज टेकडी ओलांडून गावच्या विहिरीवर पाण्याला येत. त्यांच्या पायांनी ती वाट गुळगुळीत झाली होती. पुढच्या वर्षी तुमचं काम होणार, असा मुंजाजीनं त्यांना शब्द दिला होता.

आणि आता कोरड्या चरांपायी तो शब्द जायची वेळ आली होती.

मुंजाजी मठातून निघाला तो थेट कामालाच लागला. रस्त्यालगतच्या चरात त्यानं निळी ताडपत्री अंथरली, वर माती पसरली आणि चुलतभावाचा टँकर आणून चर काठोकाठ भरला. शोभेला चार पानंही सोडली. काम इतकं बेमालूम झालं की घटकाभर त्याचं त्यालाच ते खरं वाटू लागलं.

कालिंदीबाई आल्या. पाणी पाहून हरखल्या, फोटो काढले. मुंजाजीची छाती फुगली.

मागून काठी टेकत माई आल्या. चराच्या काठावर बसून त्यांनी पाण्यात पाय सोडले...

"मुंजाजी, हे पाणी कुठं जाईल रे?"

"कुठं जाणार माई? कुठंच नाही. इथंच राहील."

"अरेरे..."

एवढंच म्हणून माईंनी कमरेचं खुरपं काढलं, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि ते तळाशी एकदा जोरात ओढलं.

बुडबुडे आले. मग पाणी हळूहळू उतरू लागलं, आणि मातीखालून निळी ताडपत्री डोकं वर काढू लागली.

धरणीनं पोटात घ्यावं, असं मुंजाजीला झालं. त्यातच तांड्याच्या बायका हंडे घेऊन नेमक्या त्या वाटेनं आल्या. काय झालंय ते त्यांच्या लगेच लक्षात आलं आणि त्या तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

कालिंदीबाई हसल्या नाहीत.

"हे पाणी कुठून आणलं?"

"टँकरनं."

"आणि टँकर कुठं भरला?"

"गावच्या विहिरीवर..." मुंजाजीची मान खाली गेली. "चुकलो बाई. पण माझी शिक्षा तांड्याला देऊ नका."

बाईंनी खाली गावाकडे बोट केलं.

"मागच्या वर्षी याच महिन्यात मी त्या विहिरीत डोकावले होते. तळाचे दगड दिसत होते. बाहेरून टँकर यायचा आणि विहिरीत रिकामा व्हायचा."

"हो."

"आणि आज त्याच विहिरीतून तुम्ही टँकर भरलात?"

सकाळी मुंजाजीनं विहिरीवर मोटार लावली होती, टँकर भरून घेतला होता, आणि एवढं पाणी उपसूनही विहिरीला काही फरक पडला नव्हता. सगळं डोळ्यांसमोर घडलं होतं. घाईत त्यानं तिकडे पाहिलंच नव्हतं. यंदा पाऊसही काही जास्त झाला नव्हता.

त्यानं कोरड्या चरांकडे पाहिलं, मग खाली गावच्या विहिरीकडे पाहिलं, आणि एकदम हसत सुटला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मग कालिंदीबाईही हसल्या. तांड्याच्या बायकांनी तर हंडे खाली ठेवून हसून घेतलं. इतका आनंद मुंजाजीला फोटो काढताना झाला नव्हता.

तांड्याच्या मदतीचं बाईंनी तिथंच कबूल केलं. त्या पैशातून ताडपत्री घ्यायची नाही, एवढीच अट घातली. कुदळी कधी येणार, कोण कुठून खोदायला लागणार, यावरून बायकांचा लगेच गलका सुरू झाला.

निघताना बाईंनी मुंजाजीला मुद्दाम छेडलं.

"पुढच्या वर्षी मी पुन्हा येणार. तेव्हा तांड्याच्या बाजूला काय दाखवाल?"

मुंजाजीनं या खेपेला घाई केली नाही. त्यानं माईंकडे पाहिलं.

माई हंडे उचलून निघालेल्या बायकांकडे बघत होत्या...

"त्यांची ही पाण्याची वाट दाखवू की," त्या म्हणाल्या. "गवतात सापडली तर."