वरवंट्याचं बारसं

"खिडक्या बंद, पंखा बंद. मग पाळणा हलतो कसा, माई?"

गोदामाई घाटावरच्या मठातून भर दुपारी चालत आल्या होत्या. पदरानं कपाळ टिपलं.

विचारणारे त्र्यंबकराव त्यांचे जुने शिष्य. शाळेतून निवृत्त झाल्यावर जुन्या कचेरीत गावाचं हे संग्रहालय त्यांनीच उभं केलं. प्रत्येक वस्तूखाली त्यांच्या वळणदार अक्षरातली पाटी.

"ही तलवार बघा माई. ह्या घाटात मिळाली."

"हिनं भोपळा चिरता येतो का रे?"

त्र्यंबकराव कसनुसं हसले.

पाळणा शेवटच्या दालनात होता. सागवानी, कड्यांना पितळी पोपट. पुढं दोरी ताणलेली, आत कुणी जात नसे. तरी हलत होता. सावकाश... कुणाची झोप मोडू नये, तसा.

"तारेनं बांधला होता," त्र्यंबकराव हळू आवाजात म्हणाले. "सकाळी तार खाली पडलेली. तुटलेली नाही माई. गाठ सोडलेली."

"रिकामा पाळणा हलू नये म्हणतात."

"म्हणून तर तुम्हाला आणलं! काही मंत्र, काही अंगारा... मला भीती पाळण्याची नाही. बायकोची काळजी आहे, द्वारकेची. हा इथं आणला तेव्हापासून भाकरी थापता थापता तिचा हात मध्येच थांबतो. आणि हलायला लागतो. पाळण्याची दोरी ओढावी तसा. तवा जळतो, तिला कळत नाही."

कर्र... पाळणा बोलला.

"ह्यात कोण कोण निजलं?"

"माझे आजोबा. वडील. मी. पाटीवर लिहिलंय सगळं."

"आणि?"

त्र्यंबकरावांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"मुलगी झाली होती... बारशाआधीच गेली."

"हाक काय मारता तिला?"

"हाक कसली, माई? नाव कुठं ठेवलं होतं? मीच घरात सांगून ठेवलं, हा विषय पुन्हा काढायचा नाही. द्वारकेनं कधी काढलाही नाही."

गोदामाई वळल्या. पलीकडच्या दालनात जुनं स्वयंपाकघर मांडलं होतं. तिथल्या पाट्यावरचा वरवंटा त्यांनी उचलला.

"माई! मांडलेल्या वस्तूला हात..."

सवयीनं निघालेले शब्द अर्ध्यातच राहिले.

माईंनी खांद्यावरची शाल काढली, वरवंटा तिच्यात गुंडाळला. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात घालतात, तसा. दोरी ओलांडून त्या पाळण्यापाशी उभ्या राहिल्या.

"खालून घे."

"हे बायकांचं काम, माई."

"मग बाई का नाही आणलीस?"

त्र्यंबकरावही दोरी ओलांडून गुडघ्यांवर बसले. माईंनी वरवंटा पाळण्यावरून पलीकडे नेला.

"कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या..."

पाळण्याखालून त्र्यंबकरावांनी हात पुढं केले. शाल हातात आली, आणि ते दचकले.

"माई... दगड उबदार आहे."

"डोकं सांभाळ तिचं."

त्यांनी हात आपोआप मानेखाली घातल्यासारखा केला. वरवंटा वर दिला. माईंनी तो पाळण्यात निजवला.

पाळणा थांबला. दमून थांबावा तसा नाही. कुणीतरी कान द्यावा, तसा.

"आता वाक. तिच्या कानात नाव सांग."

त्र्यंबकराव वाकले. दालनभर त्यांच्याच अक्षरातल्या पाट्या होत्या. ते त्या पाट्यांकडं बघत राहिले.

"माई, काय नाव सांगू?"

गोदामाईंनी पाळण्यातली शाल जरा वर ओढली, थंडी वाजू नये म्हणून.

"तुला कुठून ठाऊक असणार, त्र्यंबका? घरी जा. जिनं केव्हाच ठेवलंय, तिला विचार."