आखूड पावलं

फार पूर्वी, उंच डोंगरात एक गाव होतं. तिथल्या घरांची दारं आतल्या बाजूला उघडत, कारण हिवाळ्यात बाहेर बर्फाचा ढीग साचे आणि दार बाहेर ढकलणाऱ्याची चांगलीच पंचाईत होई. खिंडीच्या पलीकडे दुसरं गाव होतं. दोन्ही गावांत सोयरिकी होत, इकडची लोकर तिकडे जाई आणि तिकडचं मीठ इकडे येई. पण पहिला मोठा बर्फ पडला की खिंडीतली वाट नाहीशी व्हायची. कुणीतरी जाऊन ती पुन्हा तुडवेपर्यंत दोन्ही गावं आपापल्या जागी अडकून पडायची.

वाट तुडवायची एक रीत होती. पुढच्यानं काठी खुपसून खाली जमीन आहे का ते बघायचं आणि मग पाय रोवायचा. मागच्यांनी त्याच खळग्यात पाय ठेवत यायचं. पुढचा दमला की त्यानं बाजूला व्हावं, सगळ्यांना पुढे जाऊ द्यावं आणि स्वतः शेवटी लागावं. अशी वाट तुडवत जो पलीकडच्या वेशीत पहिलं पाऊल टाकी, त्याच्या डोक्याला तिथली माणसं लाल लोकरीचा फेटा बांधत.

हा फेटा अलीकडच्या गावातला एक विणकर विणायचा आणि बर्फ पडण्याआधी पलीकडे पाठवून द्यायचा. आणि दर हिवाळ्यात तो बांधला जायचा त्याच्या शेजाऱ्याच्या डोक्याला. शेजारी होता सुतार, अंगानं ताडमाड. विणकर मात्र इतका ठेंगणा, की मागावर बसला म्हणजे नुसतं त्याचं डोकं दिसायचं.

सुतार लाल फेटा बांधून परत आला की विणकराच्या पोटात दुखायला लागे. माणसं सुताराला गूळ देत, पोरं त्याच्या मागे धावत. विणकर दारात उभा राहून बघायचा.

“विणतो मी आणि मिरवतो हा,” तो बायकोला म्हणायचा.

“तुम्ही शेकोटीशी बसून विणता. बर्फात तो जातो,” बायको म्हणायची.

विणकराला हे बोलणं मुळीच आवडत नसे. ते खरं होतं, हीच त्यातली अडचण होती.

शेवटी एका वर्षी त्यानं फेट्याच्या लोकरीत शेळीचे राठ केस मिसळले. फार नाही, चिमूटभर. सुतार डोकं खाजवत गावभर फिरेल, लोक हसतील, एवढाच त्याचा बेत. सुतार परत आला, फेटा डोक्यावरून काढला आणि म्हणाला, “यंदाचा फेटा भलताच ऊबदार झालाय हं.” विणकराला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुढच्या वर्षी त्यानं दोन चिमटी केस घातले.

असं चाललं असताना विणकराच्या लेकीला पहिल्यांदा दिवस गेले. लेक पलीकडच्या गावात दिलेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून विणकर तिला आणायला निघणार, तोच त्या वर्षी बर्फ लवकर पडला, आणि असा पडला की कुंपणंसुद्धा दिसेनात. लेक तिकडेच राहिली.

मग एका सकाळी पलीकडच्या टेकडीवर दोन धूर दिसले. एक धूर म्हणजे सगळं ठीक, दोन धूर म्हणजे सुईणीला पाठवा. त्या गावात त्या वेळी पोटुशी बाई एकच होती.

गावची सुईण उठली, औषधांची झोळी खांद्याला लावली. ती चांगली धिप्पाड बाई होती, सुताराच्या खांद्याला खांदा लागेल एवढी. सुतारानं काठी आणि दोर घेतला. कुणी त्याला सांगायलाही गेलं नव्हतं.

“मीही येतो,” विणकर म्हणाला.

“तू घरी थांब. बर्फ कमरेएवढा आहे,” सुतार म्हणाला.

“माझी लेक आहे. मी येणार.”

यात खोटं काही नव्हतं. लेकीची काळजी त्याला होतीच. पण त्या काळजीच्या शेजारी आणखी एक गोष्ट त्याच्या मनात अंग चोरून बसली होती. माझ्या लेकीच्या गावात, माझ्या व्याह्यांच्या देखत, माझ्याच हातचा फेटा पुन्हा याच्या डोक्याला बांधतील, आणि मी मागून रखडत आलेला दिसेन. निदान यंदा तरी तसं होऊ द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

तिघं निघाली. गावाबाहेरच्या चढाला लागताच विणकर म्हणाला, “मी होतो पुढे.” सुतार बाजूला झाला. विणकरानं पाय टाकायला सुरुवात केली, आणि तेही कसे, तर टांगा फाकवून, आपल्या उंचीला न शोभतील एवढे लांब. आपलं पाऊल आखूड आहे असं कुणाला म्हणता येऊ नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. सुतार आणि सुईण मागून आरामात येत होती. चढ अर्धा होतो न होतो तोच विणकराच्या छातीचा भाता झाला. तो बाजूला झाला आणि रीतीप्रमाणे शेवटी लागला. पुढे सुतार, मध्ये सुईण, मागे विणकर अशी रांग लागली.

थोडं चालल्यावर विणकराचं लक्ष सुताराच्या पायांकडे गेलं. सुतार अगदी आखूड पावलं टाकत होता. हा एवढा उंच माणूस आणि जवळजवळ पाय टाकतोय, म्हणजे नक्कीच दमलाय. विणकराच्या अंगात एकदम बळ आलं.

सुईणही वैतागली होती. “अरे, कोंबडीसारखा काय चालतोस? पाय लांब टाक की. पोरगी वाट बघत असेल.”

“असू दे, मावशी,” सुतार म्हणाला आणि तसाच चालत राहिला.

‘दमलाय, पण कबूल करत नाही,’ विणकर मनात म्हणाला. त्याला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत सुताराकडे बघून त्याला बरं वाटलेली ही पहिलीच वेळ.

खिंड ओलांडली तेव्हा खाली पलीकडच्या गावाची छपरं दिसायला लागली. वेशीपाशी माणसं जमलेली, त्यांतल्या एकाच्या हातात काहीतरी लाल. ते बघून विणकराला राहवेना. सुताराच्या पायांच्या खळग्यांत पाय ठेवत गेलं, तर आपण कायम त्याच्या मागेच राहणार, हे उघड होतं. मग तो रांग सोडून बाजूला झाला आणि शेजारून आपली वेगळी वाट तुडवत भराभर निघाला.

“कुठे चाललास? काठी नाही तुझ्याकडे. मागे ये,” सुतार ओरडला.

विणकरानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो सुईणीच्या पुढे गेला. सुताराच्या बरोबरीला आला. एकच पाऊल पुढे पडलं असेल, आणि पायाखालचा बर्फ बसला. खाली ओढा होता, वरून बर्फानं झाकलेला. विणकर छातीपर्यंत आत गेला आणि त्याचा घोटा दगडांत पिरगळला.

सुतार बर्फावर पालथा पडून सरपटत त्याच्यापर्यंत गेला. त्यानं दोर टाकला, सुईणीनं मागून ओढला. बर्फ पुन्हा पुन्हा खचत होता. विणकर एकदाचा बाहेर निघाला तेव्हा ऊन कललं होतं आणि तिघांच्याही अंगाला दरदरून घाम फुटला होता.

“लेक तुझी,” सुईण त्याला म्हणाली, “आणि वेळ तूच खाल्लास.” विणकरानं मान खाली घातली.

जवळच मेंढपाळांची एक दगडी खोपी होती. मागून येणाऱ्यासाठी तिथं सुकं लाकूड ठेवायची पद्धत होती. सुतारानं विणकराला पाठीवर घेऊन तिथं नेलं, जाळ करून दिला.

“तू इथंच थांब. मी तुला न्यायला येतो,” सुतार म्हणाला, आणि तो आणि सुईण निघून गेली.

विणकर थोडा वेळ बसला. पण मनाला चैन पडेना. लेकीचं काय झालं असेल? आणि वेशीत त्या लांबड्याचं कसं स्वागत चाललं असेल? या दोन्ही गोष्टी त्याला सारख्याच टोचत होत्या, आणि याची त्याला लाजही वाटत नव्हती. तो एका लाकडाच्या आधारानं उठला. वाट तर तुडवलेली आहे, आता फक्त खळग्यांत पाय ठेवत जायचं, असं म्हणून तो बाहेर पडला.

पहिल्या खळग्यात त्यानं पाय ठेवला. दुसऱ्यात ठेवायला गेला, तर पाय पोचेना. टांग ताणली, आणखी ताणली, आणि तो मधल्या बर्फात आपटला. उठला, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा पडला. पुढचा खळगा इतका लांब होता, की चांगल्या पायानंसुद्धा त्याला तो गाठता आला नसता.

त्यानं मागे वळून पाहिलं. खिंडीतून ओढ्यापर्यंत उतरलेले खळगे जवळजवळ होते, अगदी त्याच्या टांगेच्या मापाचे. ओढ्यानंतरचे, खोपीपासून गावाकडे गेलेले खळगे मात्र लांब लांब. माणसं तीच होती, बर्फ तोच होता. सुतार उंच, सुईणही उंच. मग सकाळपासून ती आखूड पावलं कुणासाठी होती?

‘असू दे, मावशी,’ हे शब्द त्याला आठवले.

विणकर तिथंच बर्फात बसून राहिला. एवढ्या थंडीत त्याचे कान तापले. आपण ज्याला दमलेला समजून मनातल्या मनात नाचत होतो, तो आपल्यासाठी चाल कमी करत होता. आणि आपल्यामुळे वाया गेलेल्या त्या वेळात आपलीच लेक तिकडे कळा सोसत होती. मग सरपटत खोपीत परतला. फेट्याचा विचार त्यानंतर त्याच्या मनात आलाच नाही, फक्त लेकीचा येत राहिला.

सकाळी सुतार आला. डोक्याला लाल फेटा होता. विणकर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, त्याला विचारायचाही धीर होईना.

“नात झालीय तुला,” सुतार म्हणाला. “लेक अशक्त आहे, पण बरी आहे. मावशी म्हणाली, आणखी जरासा उशीर झाला असता तर तिच्या हातात काही राहिलं नसतं.”

विणकर ओंजळीत तोंड धरून रडला. सुतारानं त्याला रडू दिलं. मग खाली बसून त्याचा सुजलेला घोटा बघितला, डोक्यावरचा फेटा सोडला आणि घोट्याला गुंडाळायला लागला.

“अरे, मानाचा फेटा आहे तो,” विणकर म्हणाला.

“कापड आहे. आणि तुझंच आहे.”

दोन वेढे होतात न होतात, तोच विणकराचा पाय खाजायला लागला. तिसऱ्या वेढ्याला तर मुंग्या चावल्यासारखं झालं. तो पाय हलवायला लागला.

“चावतोय का?” सुतारानं विचारलं. “चावतो तो. काही वर्षं झाली. मला वाटलं, तुला चांगली लोकर मिळत नसेल, म्हणून बोललो नाही.”

विणकराला आता लपवणं अशक्य झालं. “लोकर चांगलीच असते,” तो म्हणाला. “मी त्यात शेळीचे केस घालतो. तुला त्रास व्हावा म्हणून. तुझा मान मला बघवत नाही.”

सुताराचे हात थांबले. त्याला राग आला होता आणि तो त्यानं लपवलाही नाही.

“माझ्या कपाळाला जखमा व्हायच्या,” तो म्हणाला. “बरं झालं सांगितलंस. आता पोचेपर्यंत तुझ्याच पायाला राहू दे.” आणि त्यानं गाठ चांगली घट्ट मारली.

दोघं खोपीबाहेर आले. विणकरानं वाटेकडे पाहिलं आणि तो थबकला. कालच्या प्रत्येक दोन लांब खळग्यांच्या मध्ये आज आणखी एक नवा खळगा होता. सुतार येताना मधलं एकेक पाऊल तुडवत आला होता.

विणकरानं पाय ठेवला. तो बरोबर बसला. पाय सगळ्या वाटेवर खाजत होता आणि विणकर ते मुकाट्यानं सोसत सुताराच्या मागे चालत होता. वेशीत सुताराच्या मागून शिरला तेव्हा त्याच्याकडे कुणी बघितलं की नाही, हे त्याला कळलंही नाही. तो सरळ लेकीच्या खाटेपाशी गेला. तिनं नात त्याच्या हातात दिली.

त्यानंतर फेटे अगदी मऊ लोकरीचे येऊ लागले. काही वर्षांनी एका हिवाळ्यात आजोळी आलेली नात हट्ट धरून आजोबांबरोबर खिंडीतून निघाली. पुढे विणकर, त्याच्यामागे ती, आणि शेवटी सुतार. विणकर तसा ठेंगणाच, पण त्या दिवशी तो त्याहूनही आखूड पावलं टाकत होता.

“अरे, कोंबडीसारखा काय चालतोस?” सुतार मागून म्हणाला.

“असू दे,” विणकर म्हणाला.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: पुढे चालणाऱ्याचा मान ज्याच्या डोळ्यांत खुपतो, त्याला हे दिसत नाही की त्या माणसानं आपलं पाऊल कुणासाठी आखूड केलं आहे.