लग्नातला कोट

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मुलाखतीवर मिळायचा, त्या काळची ही गोष्ट. प्राचार्य डॉ. नाडगौडांचा खाक्याच असा, की पोरगा दारातून खुर्चीपर्यंत येईतो त्याचा निकाल लागलेला असे. बूट, टाय, हातातली चामड्याची बॅग एकदा नजरेनं जोखली, की प्रश्न नावापुरते.

बाहुबली शेडबाळे आत आला तो डांबरगोळ्यांचा वास घेऊनच. कोटाच्या बाह्या पार बोटांपर्यंत आलेल्या.

"कोट कुणाचा रे?" नाडगौडांनी विचारलं.

"वडिलांचा, सर. लग्नातला."

"ना मापाचा, ना स्वतःचा. आणि म्हणे डॉक्टर व्हायचंय!"

शेडबाळे शांतपणे म्हणाला, "सर, इथं पेशंट भरती झाला की त्याला रुग्णालयाचा झगा घालतात. तोही ना मापाचा, ना त्याचा. त्याला तुम्ही न तपासताच घरी धाडता का?"

शेजारचे दोन परीक्षक फिस्सकन हसले. उत्तर बिनतोड होतं, हे नाडगौडांनाही कळलं. म्हणूनच ते कडाडले, "पुढचा!"

पुढचा निळ्या सुटात आला. जागा त्याला मिळाली.

म्हातारपणी नाडगौडा त्याच रुग्णालयात भरती झाले. अंगात ढगळ झगा. तपासायला आला तो निळ्या सुटातलाच, आता मोठा डॉक्टर. त्यानं झग्यातल्या म्हाताऱ्याला ओळखलं नाही. खाटेशेजारी नाडगौडांचा मुलगा कडक कोटात उभा होता, त्याला त्यानं विचारलं, "यांना कुठं दुखतंय?"

नाडगौडांना बोलता येत होतं. 'शेडबाळेनं मला विचारलं असतं,' एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.